युरोपात मोटरसायकलवर बारा दिवस: देश किती, यापेक्षा घाट कोणते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं पुण्याचे, लडाख आणि स्पिती डबलसीट करून झालंय, आता जुलैत बारा दिवस युरोप. म्युनिकला गाडी भाड्याने घ्यायची आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड, फ्रान्स असं करत जमलं तर व्हेनिस आणि पॅरिसही गाठायचं. हे बारा दिवसांत बसेल का, गाडी कोणती घ्यावी, कागदपत्रं काय लागतात आणि खर्च किती येईल?

बसवलं तर बसेल. पण म्युनिक ते पॅरिस एका बाजूचंच ८३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि ते जवळजवळ सगळं हायवेवरून. एवढे दिवस ट्रकांच्या मागे सरळ रेषेत जायला मोटरसायकल कशाला हवी? पॅरिसला नंतर कधीतरी रेल्वेने जा. व्हेनिसमध्ये गाडी शहराबाहेर पार्क करूनच आत जावं लागतं, आणि जुलैत उत्तर इटलीच्या मैदानी भागात ३५ अंशात जॅकेट घालून सिग्नलला उभं राहण्यात काही मजा नाही. मी बव्हेरियात राहतो, इथून दर उन्हाळ्यात आल्प्समध्ये जातो, भारतातून येणाऱ्या मित्रमंडळींच्या फेऱ्याही आखून देतो. त्या अनुभवावरून एकच सांगतो: देशांची यादी आधी करू नका. घाट आधी ठरवा, देश आपोआप होतात. आल्प्समध्ये कितीतरी सरहद्दी डोंगराच्या धारेवरून जातात, त्यामुळे खिंड ओलांडली की बऱ्याचदा देश बदलतो.

मी तुमच्या जागी असतो तर असा गेलो असतो. म्युनिकहून टेगर्नसी, आखेनसी, त्सिलरटाल आणि गेर्लोस घाट करत त्सेल आम झीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ग्रोसग्लोकनर. हा रस्ता १९३५ साली सुरू झाला, ४८ किलोमीटर लांब आहे, ३६ मोठी वळणं आहेत आणि सर्वात उंच रस्ता २५७१ मीटरवरच्या एडेलवाइसस्पिट्झपर्यंत जातो. टोल मोटरसायकललाही तीस युरोच्या वर आहे. तो वसूल करायचा तर तिथे अर्धा दिवस द्या, पास्टर्झ हिमनदीच्या बाजूचा फाटाही करा. नऊच्या आत टोलनाक्यावर असाल तर रस्ता तुमचा. अकरा वाजता जाल तर टूरिस्ट बसांचा.

तिथून हायलिगेनब्लुटला उतरून पूर्वेकडे स्लोव्हेनियात शिरायचं. फारच थोडे भारतीय हा फाटा घेतात, आणि मला तो सगळ्यात आवडतो. क्रान्स्का गोराहून व्रशिच खिंड चढते. उंची फक्त १६११ मीटर, पण दोन्ही बाजू मिळून ५० हेअरपिन, म्हणजे गाडी जवळजवळ उलट फिरवणारी वळणं, प्रत्येकावर नंबर. पहिल्या महायुद्धात हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमस्खलनात त्यातले कितीतरी कैदी गाडले गेले, त्यांच्या आठवणीचं लाकडी चर्च वळणांमध्येच लागतं. उत्तरेकडच्या वळणांवर अजून दगडी फरसबंदी आहे. पाऊस पडला की ती निसरडी होते, तिथे गाडी तिरकी न करता सरळ ठेवून हळू काढा. पलीकडे सोचा नदी, हिरवट निळं पाणी, बोवेत्सला मुक्काम. याच खोऱ्यात १९१५ ते १९१७ दरम्यान इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. कोबारिदचं संग्रहालय पाहण्यासारखं आहे, थोडी वाट वाकडी करा.

बोवेत्सहून प्रेडिल खिंडीतून इटली. मग कोर्टिना आणि डोलोमाइट. इथे एकाच गावात दोन रात्री राहा, अराब्बा किंवा कोर्वारा. मधल्या दिवशी सगळं सामान खोलीत टाकायचं आणि रिकाम्या गाडीवर सेला पर्वताभोवतीच्या चार खिंडी करायच्या: कांपोलोंगो, पोर्दोई, सेला, गार्देना. ही फेरी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे. वेळ उरला तर पासो जाऊ जोडा. पॅनियर, म्हणजे बाजूच्या सामानाच्या पेट्या, काढलेल्या गाडीवर घाट करणं हे वेगळंच सुख आहे, आणि वहिनींनाही मध्ये एक दिवस सामान बांधायचा व्याप नको.

पुढे बोल्झानो, मेरानो करून प्राड. तिथून स्टेल्व्हिओ: २७५७ मीटर, प्राडच्या बाजूला ४८ हेअरपिन, कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ दरम्यान बांधलेला. फोटो सगळ्यांनी पाहिलेत म्हणून तो सोडता येणार नाही, पण खरं सांगायचं तर चालवायला तो माझा आवडता नाही. अरुंद आहे, वळणं फार आवळ आहेत, सायकलवाले, कॅम्पर व्हॅन आणि स्पोर्ट्स कार यांची खिचडी असते. डोलोमाइटमधल्या घाटांना जी लय आहे ती इथे नाही. शनिवार-रविवार पूर्ण टाळा. वरून बोर्मिओकडे थोडं उतरलं की उजवीकडे उंब्राइलचा फाटा लागतो, तो घेतला की तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये.

तिथून ओफन खिंड, झेर्नेत्स, फ्ल्यूएला, दावोस आणि ओबेराल्पवरून आंडरमाट. इथेही दोन रात्री. फुर्का, ग्रिमझेल आणि झुस्टन या तीन खिंडींचा त्रिकोण करून संध्याकाळी परत त्याच खोलीत, साधारण १२० किलोमीटर. सबंध फेरीतला सर्वोत्तम दिवस बहुधा हाच असेल. हवा चांगली असेल त्या दिवशी करा, आंडरमाटमधल्या दोन दिवसांची अदलाबदल करायला मोकळीक ठेवा. परतीला क्लाउझेन खिंड, ग्लारुस, लिक्टेनस्टाइनमध्ये फाडुत्सला कॉफी, मग फोराल्बर्गमधून लेख, रॉयटे आणि म्युनिक. मोजून बघा: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, स्वित्झर्लंड, लिक्टेनस्टाइन. सहा देश झाले की नाही? अंतर दोन हजारांच्या आत राहतं. घाटाच्या दिवशी दोनशे किलोमीटर पुरे, अडीचशे म्हणजे कमाल. लडाखला दिवसात तीनशे केलेल्या माणसाला हे कमी वाटतं, पण दिवसभरात दोनशे-तीनशे आवळ वळणं झाली की चारनंतर मन भरकटतं, आणि डोंगरात ढग साठून गडगडाटी पाऊस येतो तोही बऱ्याचदा त्याच सुमारास.

इटलीत जास्त दिवस असतील तर दक्षिणेकडे खेचणारी एक गोष्ट आपल्या घरची आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात लढले, नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगेंना मरणोत्तर. पण ती ठिकाणं या मार्गावर नाहीत. त्यासाठी मे किंवा सप्टेंबरमध्ये वेगळी फेरी करा.

आता चालवण्याबद्दल, कारण याबद्दल तुम्ही विचारलंच नाही आणि धोका इथेच आहे. खार्दुंग ला ५३५९ मीटर, स्टेल्व्हिओ त्याच्या निम्म्यावर. विरळ हवेचा त्रास होणार नाही. रस्ता गुळगुळीत, खड्डा नाही, समोरून ओव्हरटेक करत येणारी एसटी नाही. म्हणून वेग वाढतो आणि वळण अंदाजापेक्षा आधी येतं.

रस्त्याची उजवी बाजू अंगवळणी पडायला अर्धा दिवस लागतो. गर्दीत काही होत नाही, पुढच्याच्या मागे आपण जातोच. चूक होते ती फोटोसाठी थांबून रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना, किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. तिथे हात सवयीने डावीकडे नेतो. वहिनींना काम द्या: प्रत्येक वेळी निघताना पाठीवर थाप आणि "उजवीकडे". इंटरकॉम असेल तर उत्तमच.

दुसरी गोष्ट हेअरपिनची. ताम्हिणीत किंवा आंबोलीत आपण डावीकडून जातो, त्यामुळे आतलं, आवळ वळण डावं असतं. तिथे ते उजवं होतं. उजव्या हातातच ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. हँडल पूर्ण उजवीकडे वळलं की मनगट आखडतं, ॲक्सिलरेटर नकळत बंद होतो, चढावर गाडी बसते आणि आडवी पडते. भाड्याच्या गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच, चालण्याच्या वेगात. उपाय असा: वळणाच्या आधीच पहिला किंवा दुसरा गियर, आपल्या लेनच्या बाहेरच्या कडेने आत शिरायचं, मधली रेषा ओलांडायची नाही, नजर वळणाच्या शेवटाकडे, क्लच किंचित दाबलेला, वेग लागला तर मागच्या ब्रेकने आवरायचा. पुढचा ब्रेक वळणात शिरल्यावर विसरून जा. निघण्याआधी दोन-तीन रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर, वहिनींना मागे बसवून, फक्त उजवीकडचे यू-टर्न घ्या. गाडी कोणतीही चालेल. या सरावाचा जितका उपयोग होईल तितका कुठल्याही महागड्या जॅकेटचा होणार नाही.

हॉर्न खिशात ठेवा. फक्त आंधळ्या वळणावर, तेही क्वचित. गावातल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा मान. पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेली पाटी दिसली तर तुमचा रस्ता मुख्य. स्वित्झर्लंडच्या घाटात पिवळी पोस्टबस तीन सुरांचा हॉर्न वाजवत आली तर तिला जागा द्यायची आणि ड्रायव्हर खूण करेल तसं करायचं, तो कायदाच आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हायवेवर वाहतूक थांबली की गाड्या दोन्ही कडांना सरकतात आणि मध्ये वाट मोकळी होते. ती रुग्णवाहिकेसाठी असते. आपल्यासाठी केली असं समजून त्यातून पुढे घुसू नका, दंड जबर आहे.

वेगाबद्दल: गावात सगळीकडे ५०, पाटी असेल तर ३०. गावाबाहेर जर्मनी आणि ऑस्ट्रियात १००, इटली आणि स्लोव्हेनियात ९०, स्वित्झर्लंडमध्ये ८०. स्विस लोकांशी यात गंमत करू नका. यंत्राच्या चुकीची सूट वजा करूनही गावात ५ किलोमीटरपर्यंत जास्त निघाला तर ४० फ्रँक, ६ ते १० जास्त असेल तर १२०. दंड भाड्याच्या कंपनीमार्फत पुण्यापर्यंत पोचतो, आणि कंपनी वर स्वतःचं शुल्क लावते. इटलीतल्या जुन्या गावांत ठरावीक वाहनांनाच प्रवेश असलेला भाग असतो, लाल गोलाची पाटी आणि कॅमेरा. मोटरसायकलला कुठे सूट असते, कुठे नसते. गाडी बाहेर लावून चालत जा, दहा मिनिटांचा प्रश्न.

गाडी. तुम्ही लिहिलंय बीएमडब्ल्यूची बाराशे-तेराशे सीसीची जीएसच हवी. हौसेला मोल नाही, पण ती २४० किलोच्या आसपास, सीट ८५० मिलिमीटर, वर तुम्ही दोघं आणि तीन पेट्या. तुमची उंची साडेपाच फूट असेल आणि घरी हिमालयन असेल तर हे नाकापेक्षा मोती जड. आठशे-नऊशे सीसीची टूरिंग किंवा ॲडव्हेंचर गाडी घ्या. घाटात त्याहून जास्त ताकद वापरता येत नाही. गरम होणारे हँडल ग्रिप मात्र आग्रहाने मागा. खाली प्राडला २५ अंश असेल तर वर चौदा, पाऊस असेल तर पाच-सहा, आणि वर जुलैतही बर्फ पडू शकतो.

भाडं दिवसाला सव्वाशे ते दोनशे युरो. बहुतेक ठिकाणी वयाची आणि लायसन्स किती जुनं याची अट असते. अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही, म्हणून कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घ्या. अपघातात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार तो आकडा विचारा, हजार-दोन हजार युरो सहज असतो. थोडं जास्त भाडं देऊन तो कमी करता आला तर करा. टायर, क्लच आणि पेट्या विम्यात आहेत का हे वेगळं विचारा. कोणकोणत्या देशांत न्यायची परवानगी आहे ते लेखी घ्या.

इथूनच आपली गाडी पाठवावी का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. बारा दिवसांसाठी नाही. ते महिनोन्महिन्यांच्या जमिनीवरच्या प्रवासाचं काम. त्याला लागणारं कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं सीमाशुल्काचं कागदपत्र, मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं, अनामत मोठी.

कागदपत्रं. हे सहाही देश शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. समान असतील तर जिथे प्रथम उतरता तिथे. वरच्या मार्गात रात्री वाटल्या जातात, म्हणून हॉटेलं ठरवतानाच कुठल्या देशाला एक रात्र जास्त द्यायची ते ठरवून टाका. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पण व्हिसापुरता स्वस्त विमा घेऊन थांबू नका. कितीतरी पॉलिसींत दुचाकी चालवताना झालेली दुखापत वगळलेली असते, किंवा सीसीची मर्यादा असते. बारीक अक्षरातलं वाचा, डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च धरलाय का ते कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो, एक वर्ष चालतो. हातात आल्यावर मोटरसायकलच्या वर्गासमोर शिक्का आहे का ते खिडकीवरच बघा. मूळ लायसन्स बरोबर हवंच. हेल्मेटवर नुसतं आयएसआय चालणार नाही, गोलात ई असलेलं, ईसीई या युरोपात चालणाऱ्या मानकाचं लेबल लागतं. आता भारतात मिळणाऱ्या बऱ्याच हेल्मेटना ते असतं, हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेलं. ऑस्ट्रियात मोटरसायकलवर प्रथमोपचार पेटी सक्तीची आहे, भाड्याच्या गाडीत आहे का ते विचारा. सरहद्दीवर सहसा कोणी थांबवत नाही, पण जर्मनीत परत शिरताना तपासणी होते, पासपोर्ट अंगावरच ठेवा.

हायवेचा पास प्रत्येक देशाचा वेगळा. जर्मनीत मोटरसायकलला काही नाही. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा घ्या. घाटांना तो लागत नाही, पण एखाद्या भिजलेल्या संध्याकाळी हायवे धरावासा वाटेल. स्वित्झर्लंडमध्ये वर्षाचा पास ४० फ्रँकला आहे, नसताना हायवेवर सापडलात तर २०० फ्रँक दंड. गाडीवर आधीच आहे का विचारा, नसेल तर नकाशात हायवे बंद करून टाका. इटलीत नाक्यावर चिठ्ठी घ्यायची, उतरताना पैसे. ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या रॉयटे भागात उन्हाळी हंगामात ९५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या मोटरसायकलींना काही रस्त्यांवर बंदी आहे. नोंदणी कागदावर यू.१ समोरचा आकडा तेवढा बघून घ्या. टूरिंग गाड्या सहसा त्याच्या खाली असतात.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी असाल तरी ऑस्ट्रियात चीजचे श्पेट्झले, दक्षिण टिरोलमध्ये पालकाचे क्नोडेल, स्वित्झर्लंडमध्ये रोश्टी मिळते, फक्त त्यात डुकराचं मांस नाही ना ते विचारा. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपासचा आठवडा सगळा देश सुट्टीवर असतो, तेव्हा जाऊ नका. मोबाइलचं युरोपीय कार्ड घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते बघा, पुष्कळदा नसतं.

खर्चाचा माझा अंदाज: गाडी अठराशे युरो, पेट्रोल दीड-पावणेदोनशे, अकरा रात्री दोघांना नाश्त्यासकट चौदा-पंधराशे (स्वित्झर्लंडच्या रात्री सगळ्यात महाग), खाणं आठशे, टोल आणि पास दीड-दोनशे. म्हणजे विमानभाडं, व्हिसा आणि विमा सोडून साडेचार हजार युरोच्या आसपास. एक रात्र स्वित्झर्लंडमधून काढून इटलीत टाकलीत तर लगेच फरक दिसेल.

क्रम असा ठेवा. जुलैसाठी गाडी जानेवारी-फेब्रुवारीतच ठरवा, मध्यम वजनाच्या गाड्या आधी संपतात. मग रद्द करता येतील अशी हॉटेलं, मग व्हिसाची वेळ, शेवटी विमा. उतरल्याच्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका, एक रात्र झोपा. ताबा घेताना पेट्यांच्या खालच्या बाजूसकट व्हिडिओ काढा, परत देतानाही तसाच काढा. अनामत सुटायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढे दिवस तो व्हिडिओ फोनमधून पुसू नका.